माझा प्रायमर वाळू द्या

मित्रांनो, आधी हात मागं घ्या. बॉनेटवर कोपर टेकायचं न्हाय आणि दारावर बोटानं नाव लिहायचं न्हाय. हां, आता बसा. मी बेळगुंदीच्या रवळूआप्पांची जुनी फियाट हाय आणि मला लई राग आलाय. दिवाळीत आलाय तो अजून उतरंना झालाय. सांगते, सगळं सांगते, मधी कुणी बोलू नगा.

कारखान्यातनं भाईर पडले तवा माझा रंग कबुतरी हुता. पहिल्यांदा मी निपाणीच्या एका तंबाखूवाल्याकडं हुते. माझ्या गाद्यांना अजून बारीक तंबाखूचा वास हाय, पावसाळ्यात बसणारे शिंकत्यात. मग आप्पांनी मला घेतलं आणि बेळगुंदीला आणलं. काय दिवस हुते ते. नवऱ्या माझ्यातनं सासरी गेल्या, बाळंतिणी माझ्यातनं माहेरी आल्या, रताळ्याची पोती माझ्या टपावर बसून बेळगावच्या मार्केटला गेली. आणि दर भाऊबीजेला आप्पा मला धुऊन-पुसून निपाणीला न्यायचे, त्यांच्या थोरल्या भैणीकडं, जयाबाईंकडं. जयाबाई आधी भावाला ओवाळायच्या आणि मग मला. माझ्या बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवल्याबिगर आत चहा व्हायचा न्हाय.

मग एक दिवस इंजिन बसलं. आप्पांनी मला परड्यात फणसाखाली लावलं ते लावलंच. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली. एक फणस टपावर पडला, त्याचा खड्डा झाला, खड्ड्यात पाणी, पाण्यात डास. ज्यांच्या वराती मी ओढल्या त्यांतल्या एकानंबी येऊन फडकं मारलं न्हाय. राग यायचा, पर काढणार कुणावर, कोंबड्यांवर?

आप्पा तर असले हट्टी. आक्काच्या दारात जाईन तर माझ्या गाडीतनं, दुसऱ्याच्या गाडीतनं न्हाय, म्हणून बसले. जयाबाई त्यांच्या वरताण. गुडघ्यांमुळं त्यांना स्वतः येता येईना, तर त्यांनी निरोप धाडला, त्याच गाडीतनं ये न्हायतर येऊ नगो. झालं. दोघं दोन गावांत रुसून बसले आणि भाऊबीजा सुन्या जायला लागल्या.

हे मोडायचं ठरवलं ते तेजस्वीनं. तेजस्वी म्हणजे आप्पांची नात, बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला हाय. ह्या भाऊबीजेला आज्जाला निपाणीला न्यायचं आणि हिच्यातनंच न्यायचं, असं ती घरात सांगूनच मोकळी झाली. मिस्त्रीकडनं इंजिन चालू करून घेतलं. राहिला रंग. तर आप्पांनी नवीनच काढलं, बिनरंगाची गाडी घेऊन भैणीच्या दारात जायाचा न्हाय. म्हणजे बघा, सगळं माझ्या अंगावर आलं. रंग झाला तर भाऊ भैणीला भेटणार, न्हायतर न्हाय.

परड्यातच काम सुरू झालं. तेजस्वीची कारखान्यातली मैत्रीण सौम्या मदतीला यायची. घरात कन्नड बोलणारी, पर मराठीत भांडायला आमच्या गावापेक्षा पुढं. दोघींनी पॉलिश पेपरनं घासून घासून जुना रंग, गंज, कोंबड्यांचं काय काय ते सगळं काढलं. गुदगुल्याबी व्हायच्या आणि आगबी व्हायची. फणसाच्या खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मग प्रायमर. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा हात, पत्र्याला धरून बसणारा. तो निवांत वाळला तर वरचा रंग टिकतोय, न्हायतर सगळे पोपडे. तेजस्वीनं दुकानातनं आणलेला प्रायमर पिवळा हुता. टपापास्नं मारत मारत ती दाराच्या मध्यापर्यंत आली. खालच्या अंगाला चिखल उडतोय, म्हणून तिथं तिनं रेड ऑक्साइड, म्हणजे लाल प्रायमर, मारला, फौंड्रीत कास्टिंगला मारत्यात तसला. मधली रेघ कागद चिकटवून एकदम सरळ काढली, वाकडं तिला खपत न्हाय. वर पिवळं, खाली लाल. दोघींनी लांबनं बघितलं, खूश झाल्या आणि मला रस्त्याकडंच्या उन्हात वाळायला ढकललं.

कळलं काय मित्रांनो? लांबनं आलेल्यांना कळलं नसंल, त्यांना सांगते. वर पिवळा, खाली लाल, असा कन्नडवाल्यांचा झेंडा असतोय. एक नोव्हेंबरला ते राज्योत्सव करत्यात, झेंडे लावून गाड्या पळवत्यात. त्याच दिवशी आमच्याकडं, बेळगाव महाराष्ट्रात घातलं न्हाय म्हणून, मराठी माणसं दंडाला काळी फीत बांधून काळा दिवस पाळत्यात. आणि ह्या खेपेला लक्ष्मीपूजन त्याच तारखेला आलतं. तेजस्वीच्या हे ध्यानातबी आलं न्हाय, सौम्याच्याबी न्हाय. त्या पोरींना माझ्यात नुसता गंज दिसत हुता, झेंडा कुठनं दिसणार?

दुसऱ्यांना मात्र तेवढाच दिसला. रस्त्यानं जाणारी मोटरसायकलवाली पोरं हॉर्न वाजवून थांबायला लागली. माझ्या ओल्या दाराला पाठ टेकून फोटो काढले. एकानं आरशाला झेंडा बांधला. सौम्यानं त्यांना कन्नडमधनं असं झाडलं की पोरं गाडी चालू करायची विसरून ढकलत गेली. पर त्यांच्या पाठीचे आणि पँटच्या खिशांचे ठसे माझ्या दारावर उठले ते उठलेच. मी म्हणते, झेंडा वाटला तर लांबनं सलाम करा की, टेकताय कशाला?

मग आमची माणसं पेटली. शेजारचा जोतिबा, आप्पांचा पुतण्या, दरवर्षी काळ्या दिवसाच्या फेरीत पुढं असतोय. तो येऊन तेजस्वीला म्हणला, झाक आधी ती गाडी.

"काका, प्रायमर हाय त्यो, झेंडा न्हवं. झाकला तर वाळायचा न्हाय."

"मला कळतंय गं. रस्त्यावरच्यांना कळतंय काय? सगळं गाव आप्पाला हसायलंय."

तेजस्वीनं झाकली न्हाय. लक्ष्मीपूजनादिवशी ती फुलं आणायला मार्केटला गेली, आणि जोतिबा काळ्या रंगाचा डबा आणि चुना लावायचा ब्रश घेऊन आला. मित्रांनो, चुना लावायचा ब्रश. बॉनेटवर, एका दारावर, मडगार्डवर, डबा संपेस्तवर थापला. माझं तोंड बांधल्यागत झालं. ओल्या प्रायमरवर जाड रंग बसला की काय होतंय ठाऊक हाय? खालचा वाळंना, वरचा आवळंना, आणि मधी सगळ्या सुरकुत्या, तापवून ठेवलेल्या दुधाची साय सरकावी तशा. थोड्या वेळात मी म्हशीच्या मानेगत दिसायला लागले. जोतिबा मात्र अभिमानानं दंडाला फीत बांधून फेरीला गेला.

तेजस्वी आली, तिच्या हातातली झेंडूची पिशवी खाली पडली. ती रडली न्हाय. बॉनेटवर एक बोट ओढलं, सुरकुतीसकट प्रायमर निघून आला, खाली पत्रा चमकला. आज्जा, निपाणी हुकली, एवढंच म्हणली आणि पायरीवर बसून राहिली. आप्पा काठी टेकत आले, माझ्याभोवती फिरले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. आता परत फणस आणि कोंबड्या.

पाडव्याला जोतिबा नवा सदरा घालून पाया पडायला आला. आप्पांनी त्याला वाकू दिलं, आणि उठल्यावर हातात पॉलिश पेपर ठेवला.

"धर. घास."

"आप्पा, सणाच्या दिवशी?"

"माझी भैण दारात बसून वाट बघायली. तिला तू जाऊन सांगणार काय, की गाडी झेंडा झालती म्हणून भाऊ आला न्हाय? घास म्हटलं."

जोतिबा घासायला बसला. सौम्या वरनं पाण्याची धार धरून उभी. काळं पाणी त्याच्या कोपरापर्यंत आलं, तवा ती म्हणली, "काका, आता फीत बांधायला नगो, आख्खा हातच झालाय." माझा राग हुताच, पर त्या वक्ताला मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सगळा काळा निघाला न्हाय. भाऊबीजेच्या सकाळी मी कशी हुते बघा: टप पिवळा, पोट लाल, एका दारावर काळे डाग आणि बॉनेटचा पत्रा उघडा. उघड्या पत्र्याला दवानं गंज धरंल म्हणून तेजस्वीनं राहिलेला रेड ऑक्साइड तेवढ्यापुरता बॉनेटवर मारला. आणि आप्पा टोपी घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. तेजस्वी हातातला ब्रश तसाच धरून चावी शोधायला लागली.

"चल. रंगाचं मागनं बघू," आप्पा म्हणले.

वाटेत काकतीपास्नं तवंदीच्या घाटापर्यंत सगळी मला बघत हुती. कुणी हात उंच केला, कुणी तोंड वाकडं केलं, एकानं तर गाडी आडवी आणून इचारलं, कुठल्या बाजूची? आप्पांनी काच वर घेतली.

निपाणीत जयाबाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना मी म्हणजे नुसती एक सावली. पर माझं दार लागल्याचा आवाज ऐकला आणि त्या उठल्या.

"लई उशीर केलास रं, रवळू."

"आक्का, गाडीचा रंग राहिला गं."

"मला कुठं दिसतोय रंग? वाक, ओवाळू दे."

ओवाळून झालं आणि त्या चाचपत माझ्याकडं आल्या. कुंकवाचा अंगठा सरळ बॉनेटवर, ओल्या प्रायमरवर. तेजस्वी पुढं झाली, आप्पांनी तिचा हात धरला. अंगठा रुतला. मी ओरडणार हुते, शप्पथ, पर गप बसले. एवढ्या दिवसांत एवढे हात लागले, पर मी कुठल्या बाजूची हे न इचारता लागलेला तो एकच हात.

दिवाळीनंतर मला निवांत वाळू दिलं आणि मग कबुतरी रंग मारला. खिशांचे ठसे घासले, काळे डाग घासले. बॉनेटवर मात्र आप्पांनी पॉलिश पेपर लावू दिला न्हाय.

म्हणून सांगते मित्रांनो, कुठं ओला प्रायमर दिसला, गाडीवर असू दे न्हायतर गेटवर, त्यात झेंडा शोधत बसू नगा. लांब उभं ऱ्हावा आणि वाळू द्या. आणि मागं वाकून बघणाऱ्या, तुला म्हणायली मी. अंगठ्याचा खड्डा बघायचाय न्हवं? उन्हाकडं तोंड करून उभा ऱ्हा, तिरपा दिसतोय. हात लावू नगो.