बाबूजींना दिलेला अधिकार

एकोणनव्वदच्या अखेरीस भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत नोकरी मागणाऱ्यांची नोंद रजिस्टरातून कॉम्प्युटरवर गेली, आणि कोणाला किती अधिकार द्यायचे हे कारकून तेजरामच्या हाती आलं. टंकलेखकांना त्यानं फक्त पाहण्याचा अधिकार दिला, साहेबांना पाहण्याचा आणि बदलण्याचा. हेडक्लार्क केशवरावांपाशी मात्र त्याचं बोट अडलं. ज्या बडेबाबूंनी शेजारी बसवून काम शिकवलं, त्यांना "तुम्ही नुसतं पाहा" म्हणायचं कोणत्या तोंडानं? त्यानं त्यांना सगळेच अधिकार दिले, खोडण्याचासुद्धा. मानपान करायला ती काय लग्नाची पंगत होती? पण भीड भिकेची बहीण, आणि भीक पडली दुसऱ्याच्याच पदरात.

केशवराव दर मार्चला रजिस्टरातली दुबार नावं लाल रेघेनं खोडत. रेघेखालचं नाव वाचता येई. चूक निघाली तर शेजारी सही करून ते परत चालू होई. नव्वदच्या मार्चला त्यांनी तेच काम कॉम्प्युटरवर केलं, एका बोटानं. मोहाडीच्या दोन मालनबाई त्यांना एकच वाटल्या. त्यांनी एक खोडली. तिच्या नावाला जोडलेलं शिक्षण, वय, नोंदणीची तारीख, सगळे तक्ते सोबतच गेले.

मे महिन्यात ती मालनबाई नऊ वर्षं जपलेलं कार्ड घेऊन आली.

"बाबू, शाळेतल्या शिपायाच्या जागेसाठी माह्या मांगच्या नंबरच्या बाईले मुलाखतीचा कॉल आला. मले काहून नाही?"

तेजरामनं नंबर टाकला. पडदा कोराच राहिला. केशवराव मागं येऊन उभे राहिले होते.

"खोडल्यावर खाली दिसत नाही काय रे?"

"नाही, बाबूजी."

तेजरामनं कार्ड पाहून तिची नोंद जुन्या तारखेसकट पुन्हा चढवली. मग केशवरावांचे बदलण्याचे, खोडण्याचे अधिकार काढून घेतले. सहा महिने जे करवलं नव्हतं, त्याला मिनिटही लागलं नाही.

"आता येईन ना कॉल?" मालनबाईनं विचारलं.

मुलाखती काल उरकल्या होत्या. कार्डावरच्या जन्मतारखेप्रमाणे तिची वयोमर्यादा याच महिन्यात संपत होती.

"नाही येणार, बाई," तेजराम म्हणाला. त्याला तिच्याकडे पाहवत नव्हतं. "चूक माही आहे."

"त्याची नाही, माही आहे," केशवराव म्हणाले.

मालनबाईनं कार्ड घडी करून पिशवीत ठेवलं.

"तुमी दोघं घ्या वाटून," ती म्हणाली. "मी घरी काय सांगू, तेवढं सांगा."