उस्तादाची पाचर

त्या कारखान्यात नव्या माणसाचं स्वागत एका लाकडी पाचरीने व्हायचं. बिजागऱ्यांचे पत्रे कापणाऱ्या प्रत्येक प्रेसला दोन हिरवी बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे तो पडताना माणसाचे दोन्ही हात बाहेर राहायचे. मशीन बनवणाऱ्याने एवढं डोकं चालवलं होतं. ते मातीत घालायला डाव्या बटणाच्या फटीत पाचर ठोकली की झालं. बटण दाबलेलंच राहायचं, डावा हात पत्रा सरकवायला मोकळा, आणि माल दुप्पट. ज्याची त्याची पाचर संध्याकाळी खिशातून घरी जायची, म्हणजे तपासणीला कोणी आलंच तर मशीन सोवळ्यातली. भिंतीवर पाटी होती, ‘हात सांभाळा’. कशाने, ते लिहिलेलं नव्हतं.

सगळे जिला वहिनी म्हणत, ती तिथे नवऱ्याच्या जागी लागली होती. नवरा म्हणजे कारखान्याचा उस्ताद. ती आता चालवायची त्याच प्रेसने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. उस्तादाचं लक्ष नव्हतं, असं सगळे म्हणाले, आणि उस्तादही तेच म्हणाला. तेव्हापासून तो हात घरातसुद्धा खिशातून निघेना. लेकीने हात धरायला मागितला की तो वळसा घालून उजवा पुढे करी. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण राग काढावा कोणावर, ते कळायचं नाही.

एका सकाळी ते कळलं. पत्रा तिरका अडकला, तिने तो डाव्या हाताने ओढला आणि उजव्याने सवयीने बटण दाबलं. ठोकळा नखांना वारा घालून गेला. तिचं लक्ष पत्र्यावरच होतं, कुठेही गेलेलं नव्हतं. तिने पाचर उपटून खिशात टाकली आणि दोन्ही बटणं दाबून, हळूहळू काम सुरू केलं.

शेजारची प्रेस चालवणारा तिचा दीर धावत आला. माझ्या एकट्याच्या पगारात घर चालायचं नाही, साहेबांनी काढून टाकलं तर खाणार काय, असं तो पुन्हा पुन्हा विनवू लागला. जेवायला हातच लागतात, भाऊजी, एवढं बोलून ती कामाला लागली.

मग सुपरवायझर आला. त्याला सगळे घाईसाहेब म्हणत. शिंकसुद्धा तो अर्धीच देतो, अशी त्याची ख्याती. पाचर लावा, नाहीतर उद्यापासून घरी बसा, असं त्याने फर्मावलं. वहिनी जागची हलली नाही. तेव्हा त्याने हुकमाचा पत्ता टाकला.

“ही युक्ती कोणाची, माहितीये का वहिनी? तुमच्या उस्तादाची. पहिली पाचर त्यानेच तासली.”

वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने दिराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. एवढी वर्षं एका ताटात जेवलेली माणसं, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता.

“त्याचं बक्षीसही त्यांना मिळालं. सगळ्यांनी पाहिलंय,” ती म्हणाली.

तिने खिशातून पाचर काढून पुन्हा फटीत ठोकली. नमली बिचारी, असं सगळ्यांना वाटलं. ती बाजूला सरकली आणि उजव्या बटणावर हात धरून उभी राहिली.

“आता तुम्ही पत्रा धरा, साहेब. माझं पूर्ण लक्ष आहे. मी बटण दाबते.”

घाईसाहेबाचा हात आपसूक खिशात गेला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. उद्या गेटच्या आत पाऊल टाकून दाखवा, असं बजावून तो निघून गेला.

संध्याकाळी तिने पाचर नवऱ्यापुढे ठेवली. त्याने उजव्या हाताने ते लाकूड उलटून पाहिलं.

“माझीच आहे. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?”

“लक्ष नव्हतं, हे खोटंच ना?”

“डोळ्यात तेल घालून काम करायचो मी.”

“मग उद्या याच तोंडाने तिथे सांगा.”

सकाळी घाईसाहेब गेट अडवून उभा होता. त्याने वहिनीला पाहिलं, मग तिच्या शेजारी उस्तादाला पाहिलं. कामावर येणारे थबकले. उस्तादाने डावा हात खिशातून काढला आणि तळवा वर करून सगळ्यांसमोर धरला. ऊन न लागलेला तो हात पांढराफटक दिसत होता.

“माझं लक्ष होतं,” तो म्हणाला. “तरी गेली बोटं. तुमच्या खिशातल्या सगळ्या पाचरी माझ्याच आहेत. परत द्या.”

कोणी हलेना. घाईसाहेबाने घड्याळ पाहिलं, आत चला म्हणून ओरडून पाहिलं. मग दीर पुढे आला आणि त्याने आपली पाचर भावाच्या तळव्यावर ठेवली. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा.

तीन बोटांची मूठ लवकर भरते. उस्तादाने उजवा हातही पुढे केला.