बोलावणं आलेली निरगुडी

मी निरगुडी बोलतेय. रावेरजवळच्या एका केळीच्या बागेच्या बांधावर उभी आहे. माझं गणगोत समुद्राकाठच्या वाळूतही राहतं म्हणतात. मी समुद्र पाहिला नाही. नाल्याच्या पुरात वाहून आलेलं बी इथं अडकलं, एवढीच माझी जन्मकथा. माझी फळं मिऱ्यांएवढी. चोळली की बोटांना मेणचट, उग्र वास चिकटतो, तो आंघोळीनंही जात नाही.

बकऱ्या मला तोंड लावत नाहीत, माणसं ढुंकून बघत नाहीत. ही बाग ज्यांची, त्या धुरपदाबाईंची गोष्ट वेगळी. औषधाला पाला हवा असला की त्या आदल्या संध्याकाळी येतात, बुडाशी हळदकुंकू, अक्षता वाहतात आणि मला बोलावणं करतात. सकाळी येऊन नेतात. बोलावलं आणि नेलं नाही, तर तो झाडाचा अपमान. खरं सांगते, या मानापानानं मला थोडा तोराच चढला होता.

होळीनंतर त्यांच्या मालकांना, सुपडूआबांना, लकवा झाला. उजव्या पायाची जाणीवच गेली. दवाखान्याची औषधं होतीच, वर माझ्या पाल्याचा शेक. बाई विचारायच्या, "लागते का गरम?" आबा म्हणायचे, "नाही." हे सारं त्या मला येऊन सांगायच्या.

परवा संध्याकाळी लगबगीनं आल्या. निम्मं कुंकू सांडलं.

"व माय, काल त्याईले चटका लागला! पाय मांगे घेतला त्याईनं. सकायी तुले न्याले येते."

मला आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. त्यांनी मागच्या खेपेला पाला नेला, त्यानंतर त्यांचा मुलगा नीलेश पाठीवर पंप घेऊन आला आणि बांधावर तणनाशक मारून गेला. तेव्हापासून मी बधिर आहे. अंधारात बाईंना ते दिसलं नाही.

सकाळी दिसलं. त्यांनी पान चोळून नाकाशी नेलं. वास नव्हता. फांदी कडकन मोडली, ते मला कळलंसुद्धा नाही.

त्यांनी नीलेशला हाक मारली. "काऊन मारलं रे इथं?"

नीलेश मान खाली घालून म्हणाला, "तू अंधारात येते, मा. गवतात साप राह्यते. तुह्यासाठीच वाट साफ केली."

बाई माझ्याकडे वळल्या. विषारलेला पाला नेऊन उपयोग नव्हता. पण बोलावलेलं झाड टाकून कसं जायचं? बुडाशी मागच्या हंगामातली चार वाळकी फळं पडली होती. ती त्यांनी वेचली आणि पेरायला पदराच्या गाठीत बांधली.

बाई, ती उगवतील, न उगवतील. आबांचा शेक थांबवू नका, नाल्याकाठी माझ्या बहिणी आहेत. आणि इकडून जाल तेव्हा माझ्या फांदीला हात लावून, आबांना विचारता तसंच मलाही विचारा, लागते का म्हणून. 'नाही' म्हणायलाही मी उरलेली नसेन. तरी विचारा.