तीन मिनिटांचा उतारा

विब्केने चहाच्या किटलीखालून ते पुस्तक ओढून काढलं आणि ओलं पोतेरं उचलावं तसं दोन बोटांत धरून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं.

सहाशे चाळीस पानं. कडा जांभळ्या रंगवलेल्या, मुखपृष्ठावर सोनेरी काटे, नाव ‘सातव्या आरशाची मुलगी’. जगातल्या यच्चयावत परीकथा एका पातेल्यात घालून कुणीतरी ढवळल्या होत्या. लांडगा होता, तो पौर्णिमा सोडून बाकी दिवस राजपुत्र असायचा. चेटकिणींचं वसतिगृह होतं. सोळा वर्षांच्या नायिकेला ऊठसूट तलवार उपसायची खोड होती. कादंबरी कसली, उरल्यासुरल्याचं कालवण.

“अजून विचार कर,” विब्के म्हणाली. “स्पर्धेला तीन तास आहेत. कपाटात शंभर बरी पुस्तकं पडलीयत.”

“बरी म्हणजे ज्यात शेवटी कुत्रा मरतो ती.” बारा वर्षांची लेव्के पावाला लोणी फासत होती.

“निदान तो कुत्रा तरी खरा वाटतो. ह्यात नायकाचे डोळे चाळीस पानांत एकोणीसदा वादळी झाले.”

“मोजलेस?”

“मोजायला काय, दुसरं काही घडतच नव्हतं.”

लेव्के नाकातून फुस्स हसली. हे हसू तिने विब्केकडून उचललं होतं, आणि विब्केला त्याचा गुप्त अभिमान होता. लेव्केच्या बापाशी लग्न करून ती ह्या घरात आली त्याला दोन वर्षं झाली. त्यात पोरीकडून मिळालेलं एवढंच.

खरी भीती वेगळी होती. वाचनस्पर्धेच्या जिल्हा फेरीत प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचा तीन मिनिटांचा उतारा वाचायचा असतो. लेव्केने निवडलेलं पान विब्केने चोरून पाहिलं होतं. पान दोनशे बारा: सावत्र आई नायिकेला तळघरात कोंडते आणि तिथल्या आरशातून मेलेल्या सख्ख्या आईचा आत्मा बोलू लागतो. सराव मात्र दार लावून चालला होता. पोरीने सावत्र आईच्या तोंडी विब्केचाच आवाज घातला तर? परीक्षकांमध्ये पुस्तकाच्या दुकानाचा मालक होता. बाळाच्या, माट्सच्या, जन्माआधी विब्के त्याच्याकडेच नोकरीला होती. आणि खास हॅम्बुर्गहून गाडीने लेव्केची आई, कोरिना, येणार होती.

“त्या सावत्र बाईचा आवाज कसा काढणार आहेस?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कळेलच.”

“अगं, गोष्ट आहे ती,” हेनिंग म्हणाला आणि आठ महिन्यांच्या माट्सच्या तोंडात गाजराचा चमचा सरकवला. नवऱ्यांना सगळ्या गोष्टी गोष्टच वाटतात.

ग्रंथालयाच्या सभागृहात अकरा मुलं, एक टेबल, पाण्याचा पेला आणि एक घंटी. कोरिना उशिरा आली. उंटाच्या रंगाचा कोट, उन्हाळा नसताना कपाळावर गॉगल, आणि डोळ्यांत पाणी आणायची जय्यत तयारी. “माझं पाखरू,” म्हणत तिने लेव्केला कवटाळलं आणि विब्केच्या बरोबर पुढच्या खुर्चीत बसली. तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या बाईची पाखरू म्हणताना जीभ कशी अडखळत नाही, असं विब्केच्या मनात आलं. तिने माट्सला मांडीवर घट्ट धरलं.

लेव्केचा नंबर चौथा.

“हे पुस्तक फार चांगलं आहे असं नाही,” तिने सुरुवात केली. “पण ह्यातला एक उतारा मला जमतो.”

लोक हसले. दुकानाच्या मालकाने चष्मा वर सरकवला.

सावत्र आई आली. विब्केच्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. पण लेव्केने ती सगळी वाक्यं साध्या, सपाट आवाजात वाचली, किराण्याची यादी वाचावी तशी. तळघराचं दार लागलं. विब्केचे खांदे सैल झाले.

मग आरसा बोलू लागला.

“पाखरूऽ, आई कुठे गेलीय का? आई तर इथेच आहे नाऽ, तुझ्या काळजात.”

प्रत्येक शब्दाचं शेपूट वर उचललेलं, मध्येच गिळलेला हुंदका. सभागृहात खसखस पिकली. हा दर रविवारचा, फोनवरून येणारा कोरिनाचा आवाज होता, अगदी तंतोतंत. विब्केने ओठ दाताखाली धरला. खोटं कशाला, तिला उकळ्या फुटत होत्या. पोरीने बाजू निवडली होती, आणि तीही भर सभेत.

वाक्य संपलं. लेव्केने बाहीला नाक पुसल्यासारखं केलं आणि सुर्र आवाज काढला. लोक आणखी हसले.

कोरिना असं कधी करत नसे.

ती सुर्र विब्केची होती. रविवारी फोन ठेवला गेला, लेव्के खोलीत गेली, की भांडी पुसता पुसता विब्के हेनिंगला कोरिनाची नक्कल करून दाखवायची, आणि शेवटी ती सुर्र. हेनिंगला आवडायची नाही, म्हणून जरा जास्तच. भिंती पातळ होत्या, हे तिला आत्ता कळत होतं.

हेनिंगने हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. विब्के माट्सचा मोजा वर ओढत बसली. पुढच्या खुर्चीतल्या उंटरंगी खांद्यांची हालचाल थांबली होती. घंटी वाजली तेव्हा टाळ्या वाजवायला कोरिनाने सगळ्यांत शेवटी सुरुवात केली आणि सगळ्यांत शेवटी ती थांबली.

मध्यंतरात सगळे केकच्या टेबलापाशी जमले. कोरिना लेव्केसमोर उभी राहिली. गॉगल आता तिच्या हातात होता.

“मजेशीर केलंस गं,” ती म्हणाली. “कुणाचा आवाज होता तो?”

आईच्या खांद्यावरून लेव्केने थेट विब्केकडे पाहिलं, एक भुवई उंचावून, ओठांच्या कोपऱ्यात ते हसू तयार ठेवून. विब्केने फक्त नाकातून फुस्स करायचं होतं. दोन वर्षं ती ज्याची वाट पाहत होती, ते समोर उभं होतं.

माट्सने तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली. तिने ती सोडवली नाही.

“माझा,” विब्के म्हणाली. “घरी मी काढते तो आवाज. तुझी नक्कल म्हणून.”

कोरिनाने गॉगलच्या काड्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. “हो का,” ती म्हणाली.

लेव्केची भुवई हळूहळू खाली आली. तिने पुस्तक छातीशी धरलं आणि ती आईच्या बाजूला सरकली. फार नाही, अर्धं पाऊल. तिथून ती विब्केकडे पाहत राहिली, एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तशी.