जाळीच्या आतले बाप

आमच्या पायसांदू गावच्या मैदानाला चारी बाजूंनी तारेची जाळी आहे. आत आठ-नऊ वर्षांची पोरं फुटबॉल खेळतात आणि बाहेर त्यांचे बाप ओरडतात. बगलेत थर्मास, तोंडात शिव्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. क्लबच्या कॅन्टीनमध्ये मी वीस वर्षं टोर्टा, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळतेय, त्यामुळे कुणाचा बाप किती शहाणा हे मला पाठ आहे.

नोएलिया बेन्तान्कोर ही या पोरांची प्रशिक्षक. पोरं तिला 'प्रोफे', म्हणजे बाई, म्हणतात. माझ्या बहिणीची मुलगी. तिला मोठ्या माणसांसमोर बोलता येत नाही. चौघांनी एकदम बघितलं की घसा बंद, हात थरथर, मान लाल. डॉक्टर म्हणतात आजार आहे, गाव म्हणतं शिष्टपणा आहे. प्रशिक्षकाच्या परीक्षेत लेखीत पहिली आली आणि तोंडीत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा मी कढईसमोर उभी राहून रडले, दोन टोर्टा करपल्या. पोरांशी मात्र ती छान बोलते. गुडघ्यावर बसते आणि कानाशी सांगते. माझा फार जीव आहे तिच्यावर, लपवत नाही मी.

या मोसमात आम्ही ओळीनं चार सामने हरलो आणि बापांनी कॅन्टीनमध्ये सभा बोलावली. नोएलियाला ठेवायचं की काढायचं. सगळ्यांत पुढे विल्मार, आमच्या गोलकीपरचा, एन्सोचा बाप.

"आम्हाला ओरडणारा माणूस पाहिजे," तो म्हणाला. "हिचा आवाज हिच्याच कानापर्यंत पोचत नाही!"

"तुझा तर नदीपलीकडे अर्जेंटिनात पोचतो," मी म्हटलं. "काय उजेड पडला?"

"मावशी, तुम्ही कढईकडे बघा. तिला बोलू दे."

नोएलिया उठली. चार पानं लिहून आणली होती. पानं उघडली, पण शब्द फुटेना. मागे कुणीतरी हसलं. तिनं पानं टेबलावर ठेवली आणि ती बाहेर निघून गेली. संपलं, असं मला वाटलं. हे एवढंच काम तिला लहानपणापासून करायचं होतं.

तेवढ्यात मैदानावरून शिट्टी वाजली.

दारातून पाहिलं, तर तिनं मैदानात खेळणाऱ्या पोरांना जाळीबाहेर ओळीत उभं केलं होतं आणि बापांना हातानं आत बोलावत होती. एकही जण जागचा हलेना. मी झारा उगारला.

"उठा! तिचं काम बघायचंय ना? मग चला!"

बाप खेळू लागले. पोटं सांभाळत, एकमेकांच्या पायात पाय घालत. विल्मारला तिनं गोलमध्ये उभं केलं. दहा मिनिटांत तीन गोल त्याच्या दोन पायांमधून गेले. तिसऱ्या गोलाला तो चिखलात बसला तो बसलाच.

नोएलिया पोरांकडे वळली. "आता तुम्ही ओरडा. तुम्हाला दर शनिवारी ऐकू येतं ना, तसं." आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

पोरांपैकी कुणाला जमेना. मग एन्सोनं मैदानाकडे पाठ फिरवली.

"पप्पा," तो म्हणाला, "मी बघत नाहीये. घाबरू नकोस, खेळ तू."

विल्मार चिखलातच बसून पोराच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे पुसले, तेही चिखलाच्या हातानं. मला त्याची कीव आली, आणि त्याची कीव येईल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

नोएलिया पोरांबरोबर मैदानावरच थांबली. बाप कॅन्टीनमध्ये परत आल्यावर क्लबच्या अध्यक्षांनी मतं घ्यायला सुरुवात केली. "तर मग, नोएलियाला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर..."

"कसले हात?" विल्मार म्हणाला. "मंगळवारी सराव किती वाजता, तेवढं तिला विचारून या. सगळे मिळून जाऊ नका. एकानंच जा, आणि हळू विचारा."