पाटीवरचं नाव

"वेस, तुला नाही रे आत घेता येणार," क्लबाचा सेक्रेटरी पेंगेली दारातच उभा राहून म्हणाला. "नियम काही मी केलेला नाही."

"सख्ख्या भावाला, आपल्या हेडलीला, पुरून आलाय तो," लव्हडे म्हातारी म्हणाली. "त्याच्या मयतीचा चहा इथेच ठेवलाय, तेवढ्यापुरतं तरी बघ. तुला लंगोटात बघितलंय मी, पेंगेली."

"राहू दे आई," वेस्ली म्हणाला. "तू जा. लोक खोळंबलेत."

बारा वर्षांपूर्वी वेस्ली इंग्लंडकडून रग्बीचे चार सामने खेळला, तेव्हा कॉर्नवॉलमधल्या याच गावाने त्याला स्टेशनापासून खांद्यावर आणलं होतं. मग कथिलाची खाण बंद पडली आणि उत्तरेकडच्या एका क्लबाने खेळायचे पैसे देऊ केले. इथे रग्बी खेळायची ती फुकट. पैसे घेतले की माणूस बाटला. दोन हिवाळ्यांत गुडघा कामातून गेला. वेस्ली परत आला, तर खांद्यावर घेणाऱ्यांनीच फाटक लावून घेतलं. पाप्याला देव तरी माफ करतो.

तेव्हापासून नऊ वर्षं तो भिंतीबाहेरून सामने बघत होता. धाकटा हेडली दर शनिवारी आतून येऊन सांगायचा, "क्लबातल्या पाटीवर तुझं नाव आहे हं दादा. आजच फडक्याने पुसून चकचकीत केलं." तेवढ्यावर वेस्लीचा आठवडा निघायचा.

लव्हडे आत गेली. बायका एरवी स्वयंपाकघरापलीकडे जात नसत. तीही पहिल्यांदाच दिवाणखान्यात आली. कुणीतरी हातात केशर घातलेल्या केकची बशी दिली. इंग्लंडकडून खेळलेल्यांची पाटी शेकोटीवर होती. सोनेरी अक्षरांत तीन नावं, आणि त्यांच्याखाली खरवडलेलं लाकूड. वरचं वार्निशसुद्धा जुनं झालेलं.

म्हणजे हेडली एवढी वर्षं खोटं बोलत होता. चॅपलमध्ये प्रवचनं देणारा, पत्त्यांना हात न लावणारा तिचा हेडली. सकाळपासून अडलेलं रडू तिला तिथे, त्या पाटीखाली आलं.

ती बाहेर आली, तेव्हा वेस्ली टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा होता.

"पाटी बघितलीस, आई?"

"बघितली की."

"आहे ना?"

"न असायला काय झालं? चांगलं चकाकतंय."

वेस्लीने मान हलवली. "हेडलीच पुसायचा. आता कोण पुसणार?"

"पेंगेलीला बजावून आलेय," लव्हडे म्हणाली आणि त्याचा दंड धरून उतार उतरू लागली. त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून ती हळू चालली.