ओळंब्यात न बसणारी भिंत

रेवा खाटेला धरून उभी राहिली त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पाचोऱ्याच्या आमच्या नव्या घराचं मागचं अंगण दारापासून अठरा पावलांवर संपायचं, आणि पुढे एकदम पाच फूट खाली नाल्याकाठची वाट. कडेची काळी माती दर वर्षी थोडी थोडी ढासळायची. पोर दहा महिन्यांची. आज धरून उभी आहे, उद्या सुटी चालेल. तिच्या पहिल्या पावलाआधी तिथं भिंत झाली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमचे हे दीपनगरला वीज केंद्रात, तिथंच खोली घेऊन राहायचे आणि रविवारी घरी यायचे. म्हणाले, माणूस तूच बघ, धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालीस ना.

आधी रुपचंद ठेकेदार आले, लूनावरून. दारातूनच अंगण पाहिलं, आठ दिवसांत भिंत आणि विटांची फरसबंदी दोन्ही करून देतो म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. कडेपर्यंत गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी झिपरू मिस्त्री सायकलवर आले, मागे कॅरिअरवर त्यांची बायको भिकुबाई. म्हातारा आधी नाल्यात उतरला. मातीचं ढेकूळ ओलं करून हातात मळून पाहिलं. वर येऊन विचारलं, पोर किती महिन्यांची? मग सुतळीनं रेवाची उंची मोजून गाठ मारली, त्यावर आणखी हातभर सोडून दुसरी गाठ मारली. भिंत अंगणाच्या वर इतकी काढू म्हणाले. बारा दिवस सांगितले. रुपचंदपेक्षा चार दिवस जास्त, तरी काम मी त्यांनाच दिलं.

दिल्यावर माझी काळजी दुप्पट झाली. रेवाला कडेवर घेऊन मी दिवसभर तिथंच. पाया एवढा खोल कशाला, दगडांमध्ये ही पाइपाची तोंडं कशाला, त्यातून विंचू आला तर? पाणी निघायला वाट पाहिजे, नाहीतर भिंत फुगेल, असं मिस्त्री न कंटाळता सांगायचे. भिकुबाईनं मात्र माझं नाव इंजिनेरबाई ठेवलं आणि घमेलं उचलण्याआधी मला विचारू लागली, उचलू का?

आठव्या दिवशी दुपारी दोघं लिंबाखाली भाकरी खायला बसले, तेव्हा रेवाला निजवून मी खालच्या वाटेवर जाऊन भिंतीकडे पाहिलं. ती तिरपी वाटली. घरातून दोरा आणि कुलूप आणून ओळंबा केला. भिंतीच्या माथ्यावर आडवी काडी धरून दोरा सोडला. वर दोरा भिंतीपासून सहा बोटं लांब, खाली जेमतेम दोन. भिंत आमच्या अंगणाकडे कललेली होती. पाडून पुन्हा बांधायची तर आठ दिवस जाणार, आणि घरात रेवा त्याच सकाळी खाट सोडून दोन क्षण उभी राहिली होती.

मी मिस्त्रींना काम थांबवायला सांगितलं. भिंत वाकडी आहे, पाडा, असं मीच म्हटलं. त्यांनी कुलूप पाहिलं, दोरा पाहिला, आणि हात धुऊन शांतपणे बायकोला हाक मारली. मग त्यांच्या अहिराणीत मला म्हणाले,

"बाई, आते सरळ उभ्या ऱ्हा. ओळंब्यासारख्या."

मी उभी राहिले. भिकुबाई पुढे आली आणि दोन्ही हातांनी तिनं मला खांद्याला लोटलं. मी दोन पावलं मागे गेले.

"आते पुन्हा लोटस ती. पडू नका."

या वेळी मी तयार होते. तिनं लोटलं, मी जागची हलले नाही.

"पाय पहा तुमना. अंग कोनाकडे शे?"

मी भिकुबाईच्या अंगावर पुढे कललेली होते. कोणी शिकवलं नव्हतं.

"पावसाळामा बठ्ठी माती भितले लोटस," मिस्त्री सगळ्या अंगणावरून हात फिरवत म्हणाले. "सरळ उभी ऱ्हायनी ते भित जाई."

"कॉलेजमा हाई नही शिकाडत का, इंजिनेरबाई?" भिकुबाई पदराआड हसली.

शिकवलं होतं. परीक्षेत आकृतीसकट लिहिलंही होतं. मी कुलूप घरात नेऊन ठेवलं आणि दोघांना चहा केला, आलं घालून.

बाराव्या दिवशी रविवार. वाळूवर उभ्या विटा बसवून फरसबंदी पुरी झाली, आणि हेही आले. अंगणभर फिरले, खाली वाटेवर जाऊन आले, एक डोळा मिटून पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "भिंत कललीय गं. पैसे द्यायच्या आधी बोलायला हवं."

मिस्त्री थापी धूत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला. भिकुबाई माझ्याकडे पाहत होती.

"तुम्ही तिथं दारापुढे विटांवर सरळ उभे राहा," मी यांना म्हटलं. "मी लोटते, मग सांगते."

हे गोंधळून उभे राहिले. मी पुढे होणार तेवढ्यात दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या रेवानं चौकट सोडली. एक, दोन, तीन पावलं, चौथ्याला तोल गेला आणि ती धाडकन यांच्या गुडघ्यांवर आदळली. हे पुढे झुकले, तिला धरलं, आणि तसेच राहिले.

"आता हलू नका," मी म्हटलं. "भिंत तशीच उभी आहे."

यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. मिस्त्री पुन्हा थापी धुवायला लागले. रेवानं बापाचे गुडघे सोडले आणि ती वळून भिंतीच्या दिशेनं निघाली. मी तिच्यामागे धावले नाही.